अर्ध्या तासाचे खेळ

पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, हल्ली तर हॉटेलांतल्या थालीपिठाचीही येतात. परंतु कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत कोणता खेळ खेळावा, याचे परीक्षण कुणी केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी कचेरीत मी सव्वीस वर्षे कारकुनी करीत आलो आहे आणि त्यांतली निदान वीस वर्षे डबा उरकून पटावर बसलो आहे. तेव्हा हा अधिकार मी आपण होऊन घेतो.

आधी वेळेचा हिशेब. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान फार तर अर्धा तास, असे शासनाने २०१९ साली बजावले. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला. शनिवार मिळाला, त्याच्या बदल्यात रोजचा दिवस पाऊण तासाने लांबला. सुट्टी होती तेवढीच राहिली. पोळीभाजीला बारा मिनिटे, हात धुण्याच्या रांगेला तीन. उरली पंधरा. पंधरा मिनिटांत ज्याचा निकाल लागत नाही तो कचेरीचा खेळ नव्हे, असे मी धरून चालत असे.

या कसोटीला कॅरम उतरतो. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी; सुट्टी संपायच्या आत डाव आटोपतो. पण त्याच्यात दोन दुर्गुण आहेत. एक म्हणजे त्याचा आवाज साहेबांच्या खोलीपर्यंत जातो. आणि दुसरा म्हणजे आमच्या आवक-जावक शाखेतले एक गृहस्थ. त्यांच्या हाती स्ट्रायकर गेला, की बाकीच्यांनी नुसती पावडर टाकीत बसावे.

बुद्धिबळाला आवाज नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या कपाटावर धूळ खात पडलेला पट खाली आला आणि चार दिवस सारी शाखा कपाळाला हात लावून बसली. पण दोन वाजले की डाव अर्धाच राहतो, आणि संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी राजासकट सगळी सेना डब्यात भरून टाकतात. शिवाय साहेबांशी खेळताना आपला हत्ती आपोआप माऱ्यात जाऊन उभा राहतो, तो निराळाच!

‘व्यापार’विषयी काय लिहावे? पंचविसाव्या तारखेला खोट्या का होईना, नोटा मोजताना बरे वाटते, इतकेच.

सापशिडी मात्र आमच्याच मुलखातली म्हणायची. तिचे मूळ जो मोक्षपट, तो ज्ञानेश्वरांनी काढला अशी परंपरा आहे; आणि त्यांचे आपेगाव पैठणजवळच आहे. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. इथे हुशारीला वाव नाही, म्हणून साहेब आणि शिपाई सारखेच गिळले जातात. पण पदोन्नतीची यादी तोंडावर असताना नव्वदीतला साप फार जिव्हारी लागतो.

मग २०२० च्या टाळेबंदीत घरोघर फोनवर ल्यूडो आला, आणि कचेऱ्या उघडल्या तेव्हा आमचे टेबल ओस पडले. जो तो डबा खाता खाता आपल्या तळहातात पाही. लेखा शाखेतला एक पंचविशीतला मुलगा तर फोन खालीच ठेवीत नसे. तो ल्यूडो नव्हता, पैशांची रमी होती, हे आम्हांला कळले ते पगाराच्या दिवशी त्याच्या खुर्चीशी देणेकरी येऊन उभे राहू लागले तेव्हा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली. खेळ थांबला, कर्ज राहिले. मुलगा डबा उघडीना, कुणाशी बोलेना.

आमच्या शिपायांना सारी कचेरी मामा म्हणते. त्यांनी एके दिवशी घरून कापडी पट आणि सहा कवड्या आणल्या. “चला साहेब, एक भिडू कमी पडतोय,” एवढेच ते त्या मुलाला म्हणाले.

ही पचिसी. इंग्लंडात १८९६ साली ल्यूडोचे पेटंट घेतले गेले, तो हिचाच धाकटा अवतार. पण नेताना त्यांनी नेमकी गंमत मागे ठेवली. ल्यूडोत बहुधा प्रत्येक जण आपापला. पचिसीत समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. पिवळ्या-काळ्यांची एक जोडी, तांबड्या-हिरव्यांची दुसरी. आणि आपल्या चारी सोंगट्या घरी जाऊन भागत नाही, भिडूच्याही जाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी मामांची शेवटची पिवळी सोंगटी घराच्या तोंडाशी आली. ती आत न नेता त्यांनी सरळ दुसऱ्या फेरीला घातली, मुलाच्या काळीमागे लागलेली तांबडी मारायला.

“मामा, असं चालतं?” मुलाने विचारले. कित्येक आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकला.

“चालतं हो. टाका दान, दोन वाजत आले.”

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शंकर-पार्वती फाशांनी खेळत बसले आहेत. पार्वती उठू पाहते आणि शंकर आणखी एका डावासाठी तिला थांबवताहेत, असे जाणकार सांगतात. त्यांना हजेरीची भीती नसावी. आमचा डाव रोज दोनच्या ठोक्याला मोडतो. माझ्या कसोटीला पचिसी मुळीच उतरत नाही. एकेक डाव आठवडाभर चालतो. सोंगट्या कुठे होत्या ते जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर लिहून ठेवावे लागते, आणि लेखा शाखेचा म्हणून ते काम त्या मुलाकडे आले आहे. लिफाफा त्याच्याच खणात असतो, त्यामुळे त्याच्यावाचून दुसऱ्या दिवशी पट मांडता येत नाही. काल त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: काळी फुलीच्या घरात, पिवळी तिच्यामागे तीन घरे, पुढचे दान मामांचे.