कादंबरीसाठी अर्धा तास

"फादर, कादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळ दवडणेच ना?" असे धर्मग्रामातील पालक आम्हांला अधूनमधून विचारतात. मुलांच्या अभ्यासाची आणि घरातील प्रार्थनेची काळजी त्या प्रश्नामागे असते, हे आम्ही जाणतो. तरीही आमचे उत्तर 'नाही' असेच असते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. माणदेशातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. धनगरांच्या एका वाडीत तरुण मास्तर येतो, हळूहळू त्यांच्यातलाच होतो, सर्वांच्या श्रमांतून तालीम उभी राहते आणि मग दुष्काळाने वाडी ओस पडते. दुष्काळाची बातमी वाचून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. ही कादंबरी मिटल्यावर मात्र रस्त्याने मेंढरे हाकत जाणारा धनगर आपल्याला परका राहत नाही. चार रात्री त्याच्या वाडीत राहून आल्याचा आनंद निराळाच!

कादंबरी आपल्या समाजालाही परकी नाही. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची. ते प्रॉटेस्टंट होते. विधवांचे दुःख त्यांनी कथेतून समाजापुढे मांडले.

कथेचे हे सामर्थ्य पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. उरियाची पत्नी बळकावणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने आधी उपदेश केला नाही. गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजा संतापला, तेव्हाच तो श्रीमंत म्हणजे आपणच, हे त्याला उमगले. प्रभू येशूनेही दृष्टांतांतूनच शिकवण दिली.

तरुणपणी साहित्य शिकविलेल्या पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ च्या पत्रात धर्मगुरूंच्या आणि सर्वच ख्रिस्तीजनांच्या जडणघडणीत कथा-काव्याच्या वाचनाचे महत्त्व सांगितले. पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना त्याचे मोल विशेष वाटते. निवाडा करण्याआधी माणसाचे सगळे ऐकून घ्यावे लागते, आणि कादंबरी नेमकी हीच सवय लावते. सुनेचे, शेजाऱ्याचे, वयात येणाऱ्या लेकराचे ऐकून घ्यायला घरातही तीच सवय लागते.

राहिला वेळेचा प्रश्न. वेळ आपोआप सापडत नाही. तो राखून ठेवावा लागतो. रात्रीची रोझरी आणि जेवण आटोपल्यावर दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी अर्धा तास बाजूला ठेवावेत. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. पुस्तक संपेपर्यंत घरात एकमेकांशी बोलायला नवे विषय निघालेले असतील.