मोजणीत न आलेले

आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना नोंदी ठेवण्याची मोठी हौस. मूळ गाव कोणते, येथे प्रथम कोण आले, कोणाला किती मुले झाली, हे सारे आम्ही कुलवृत्तांतात लिहून ठेवतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत २००१ साली छापला, आणि त्याच्या संपादनाचे काम आमच्याकडे होते. त्यात एका चुलतभावाच्या नावापुढे आम्ही लिहिले : ‘अल्पशा आजाराने निधन, १९९८.’ आजार अल्प नव्हता. काचीगुड्याच्या घरात तो दीड वर्ष अंथरुणाला खिळून होता. आजार एड्सचा होता. पण घरात ते नाव कोणी उच्चारले नाही. त्याच्या पत्नीचे नाव तर आम्ही नोंदीतून गाळूनच टाकले. कोणी विचारलेच तर ‘त्या माहेरी असतात’ एवढे सांगावयाचे, असे वडीलधाऱ्यांनी ठरविले होते.

पुढे जुलै २००७ मध्ये एक बातमी आली. देशात एचआयव्हीची लागण झालेले सुमारे बावन्न लाख लोक आहेत, असा २००५ चा सरकारी अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांचा आकडा सत्तावन्न लाखांचा होता. नव्या मोजणीत तो पंचवीस लाखांच्या आसपास उतरला. घरातल्या एका काकांनी वृत्तपत्र बाजूला ठेवले आणि म्हणाले, “पाहा, उगाच बाऊ केला होता!” आम्हालाही क्षणभर सुटल्यासारखे वाटले. मग मनात आले, एका वर्षात निम्मे लोक गेले कोठे?

कोणी कोठे गेले नव्हते. चूक मोजण्यात होती. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी रुग्णालयांवर बेतलेला होता. गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे रुग्ण यांच्या रक्ताचे नमुने नाव न लावता तपासत, आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचा हिशेब मांडत. पण सरकारी रुग्णालयात येणारा माणूस हा साऱ्या समाजाचा नमुना नव्हे. तेथे गरीब अधिक येतात, आणि खाजगी डॉक्टरांनी पुढे पाठविलेले लागण झालेले रुग्णही तेथेच पोहोचतात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रथमच घरोघरी जाऊन, संमती घेऊन, एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले गेले. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात शेकडा ०.२८ एवढे प्रमाण निघाले. आमच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मात्र ते शेकडा एकाच्या जवळ होते. घरोघरच्या पाहणीतही घराबाहेर राहणारे, सतत फिरतीवर असणारे, वेश्यावस्तीतले लोक निसटतात. म्हणून दोन्ही मोजण्यांचा मेळ घालून नवा आकडा काढला गेला.

या साऱ्या मोजणीची सुरुवात १९८६ साली मद्रासमध्ये झाली. तेव्हा हा रोग परदेशचा, आपल्याकडे कशाला येईल, अशीच समजूत होती. डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेलप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीस वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्त गोळा करावयास सांगितले. शंभरेक नमुन्यांतून सहा दूषित निघाले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. म्हणजे आमच्यासारख्याच परप्रांतात रुजलेल्या घरातली एक लेक शोधावयास निघाली होती, आणि तिकडे आम्ही लपवीत बसलो होतो.

आता कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढावयाची आहे. त्यानिमित्त आम्ही वहिनींकडे गेलो. त्यांनाही लागण झाली होती, हे आम्हास ठाऊक होते. त्या आज हयात आहेत, हे ठाऊक करून घेण्याची तसदी मात्र आम्ही घेतली नव्हती. एप्रिल २००४ मध्ये निवडक सरकारी रुग्णालयांतून औषधे मोफत मिळू लागली, आणि थोड्याच महिन्यांत वहिनींनी ती सुरू केली. त्यांनी एक दिवसही खंड पडू दिलेला नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या रोज रात्री एक खूण करतात.

२०२३ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारे लोक पंचवीस लाखांहून काहीसे अधिक आहेत. प्रौढांत दर हजारी सुमारे दोन. २००७ चा आकडाही पंचवीस लाखांचाच होता, म्हणून काहीच घडले नाही असे कोणास वाटेल. पण मधल्या काळात नवी लागण पुष्कळ घटली आहे. एकूण संख्या तरीही उतरत नाही, कारण औषधांमुळे माणसे पूर्वीसारखी मरत नाहीत. त्या पंचवीस लाखांत वहिनी आहेत, आणि त्या तेथे आहेत हे सुचिन्हच म्हणावयाचे. आमच्या मोजणीत तेवढ्या त्या नव्हत्या.

आम्ही विचारले, “वहिनी, नव्या आवृत्तीत काय लिहू?” संमतीवाचून कोणाची लागण उघड करू नये, असे २०१७ चा कायदा सांगतो, पण कायदा नसता तरी विचारणे आमचे कर्तव्यच होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भावजी, आजार काय तो डॉक्टरांच्या कागदावर आहे, पुस्तकात नको. माझं नाव तेवढं घाला. लग्न झालं होतं ना माझं?” आणि मग म्हणाल्या, “बाकीचं लिहायचंच असेल तर दुसरीकडे लिहा, नावं न घालता.”

ते येथे लिहिले. नव्या आवृत्तीच्या मुद्रितात चुलतभावाच्या ओळीतले ‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द आम्ही खोडले आहेत, आणि खाली एक नाव वाढविले आहे. त्या नावापुढे निधनाच्या वर्षाची जागा कोरी आहे.