नातीच्या वजनाचा हिशेब



हा लेख गेले सहा महिने मनात होता, पण लिहायचा धीर होत नव्हता. आपली चूक चारचौघींत सांगायची म्हणजे जिवावर येतं. पण माझ्यासारख्या बऱ्याच आज्या घरोघरी आहेत. एकीच्या जरी उपयोगी पडलं तरी पुष्कळ झालं.

माझी नात आठवीत. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात तिने दहाही दिवस एकाशन केलं. तेरा वर्षांची पोर, शाळा सांभाळून, एकदाही कुरकुर न करता! मंदिरात बायका कौतुक करायच्या आणि मी आतून फुलून जायची. माझ्या मुलाने त्या वयात अनंत चतुर्दशीचा एक उपवाससुद्धा धड केला नव्हता.

पर्व संपलं तरी तिचं एकाशन चालूच राहिलं. आधी अष्टमी-चतुर्दशीला, मग सोमवारी, मग अधूनमधून कधीही. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आमची पानं मांडली की ही म्हणायची, "आजी, माझं आज एकाशन आहे." सकाळच्या डब्यातली पोळी कधीकधी तशीच परत यायची. सून नोकरी करते, तरी तिच्या ते आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, जरा जास्तच होतंय का?" मी तिला काय म्हटलं माहीत आहे? "धर्माचं काम आहे, मध्ये पडू नकोस." सून गप्प बसली. तो माझा शब्द मला अजून टोचतो.

नातीच्या शाळेत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी होते. डोळे, दात, उंची, वजन सगळं कार्डावर लिहून घरी येतं. आजवर आम्ही ते पाहून कपाटात ठेवत आलो. दिवाळीनंतरच्या कार्डावर मात्र खाली शेरा होता: "बालरोगतज्ज्ञांना दाखवावे." मी सवयीने आधीचं कार्ड काढून शेजारी ठेवलं. सांगलीला बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण दोन सालांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. जूनमध्ये उंची १५३ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. आता उंची १५५, वजन साडेएकोणचाळीस. उंची वाढली आणि वजन साडेचार किलोने उतरलं! वाढत्या वयाच्या मुलीचं?

डॉक्टरबाईंकडे सून आणि मी दोघीही गेलो. त्यांनी एक तक्ता काढला. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी हे सुधारित तक्ते केले आहेत, मुलींचे वेगळे आणि मुलांचे वेगळे. त्यावर खालून वर वाकत गेलेल्या सात रेषा असतात. मधली रेषा म्हणजे त्या वयाच्या शंभर मुली वजनाने ओळीत उभ्या केल्या तर बरोबर मधली. सगळ्यात खालची रेषा म्हणजे तिच्याहून कमी वजनाच्या फक्त तीन. आपली मुलगी मधल्या रेषेवरच हवी असं मुळीच नाही. कुणी अंगाने बारीक, कुणी उंच, ते आईबापांकडून आलेलं असतं. मूल आपल्या रेषेच्या आसपास वर चढत राहिलं पाहिजे, एवढंच.

बाईंनी ठिपके दिले. जूनचा मधल्या रेषेच्या वर होता, आताचा खाली. मी म्हटलं, "पण अजून शेवटच्या रेषेच्या बरीच वर आहे की!" त्या म्हणाल्या, "आजी, एका दिवसाचं वजन फारसं काही सांगत नाही. रेषा कुठे चालली आहे ते बघायचं." मला एकदम पटलं. बँकेत आज शिल्लक आहे म्हणून धंदा बरा चालला आहे असं कोण म्हणेल? दर महिन्याला शिल्लक घटत असेल तर काळजी करायलाच हवी.

मग त्यांनी पाळीचं विचारलं. ती सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तीन महिने आलीच नव्हती. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी मागेपुढे होते, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. बाई म्हणाल्या, मागेपुढे होणं वेगळं, पण सलग तीन महिने आली नाही तर दाखवायचं. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आधी हा खर्च बंद करतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२ निघालं. या वयाच्या मुलीचं १२ तरी हवं.

यानंतर बाई म्हणाल्या, "आता तुम्ही दोघी थोडा वेळ बाहेर बसा." सून लगेच उठली. मी नाही उठले. मला राग आला. मी काय परकी? जन्मल्यापासून तिला न्हाऊमाखू घातलं ते मी! बाईंनी शांतपणे सांगितलं, दहा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाशी त्या थोडं एकट्याने बोलतात. घरात कसं वाटतं, शाळा, खाणंपिणं, मैत्रिणी, झोप, मन उदास असतं का, कुणाची भीती वाटते का, सगळं विचारतात. मुलाने सांगितलेलं ते घरच्यांना सांगत नाहीत, फक्त जिवाला धोका वाटला तर सांगतात. "उंची-वजन काट्यावर कळतं आजी, मनाचं विचारल्याशिवाय कळत नाही." मी उठले, पण बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं धुसफुसत बसले होते.

आत काय बोलणं झालं ते बाईंनी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "सध्या उपवास, एकाशन काही नाही. आणि तिच्या अंगाविषयी घरात कुणी काही बोलायचं नाही. चांगलंसुद्धा नाही."

पंधरा दिवसांनी एका रात्री तिच्या केसांना तेल लावत होते. पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच बहुधा तिला बोलता आलं. स्नेहसंमेलनाच्या नाचाच्या वेळी वर्गातल्या कुणीतरी तिला जाडी म्हटलं होतं. तिचा फोटो काढून मुलींमध्ये फिरवला होता. मी त्या मुलींना बोल लावायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि आजी, मामांकडच्या लग्नात तू पण सगळ्यांसमोर म्हणालीस ना, आता अंगाने चांगलीच भरली आहे म्हणून."

माझा हात तिथेच थांबला.

मी म्हटलं होतं, आणि कौतुकाने म्हटलं होतं. आपल्या वेळी असं कुणी म्हटलं की आई दृष्ट काढायची. पण तिच्या कानाने ते वेगळंच ऐकलं. या वयात मुलींच्या कंबरेवर, मांड्यांवर चरबी येते ती निसर्गानेच ठरवलेली असते, पाळी सुरू व्हायला आणि टिकायला ती लागते. हे तिला समजावून सांगायला हवं होतं. मी ते न करता लग्नमंडपात जाहीर केलं. मग पोरीने जेवण टाळायला अशी वाट शोधली की जिथे आजी अडवणार नाही, उलट पाठ थोपटेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तपाचा मी एवढा अभिमान बाळगला आणि त्यामागचा भाव एकदाही विचारला नाही. सोळाकारण भावना आपण दर भाद्रपदात म्हणतो. त्यात 'शक्तितस्तप' आहे, आपल्या शक्तीप्रमाणे तप. वाढत्या शरीराची शक्ती किती, हे मी पाहिलं नाही. आणि देह बारीक व्हावा म्हणून उपाशी राहणं हे तपच नव्हे. एका माताजींना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं.

सकाळी मी आधी सुनेची माफी मागितली. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही." ती म्हणाली, "आई, मीसुद्धा गप्प बसायला नको होतं." मग नातीला जवळ घेऊन तिचीही मागितली. क्षमावणीला आपण गावभर 'उत्तम क्षमा' म्हणत फिरतो, घरातल्या पोरीला कधी म्हणतो का?

आता घरात काय बदललं ते सांगते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, दूध-चहाबरोबर नाही. जेवणावर लगेच चहा बंद, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हिवाळ्यात अळिवाचे लाडू केले, राजगिरा आणि तीळ-गूळ आलटून पालटून. रोज चवळी, हरभरा, मसूर यातलं काहीतरी आणि वर लिंबू पिळायचं. बी-१२ आपल्याला दूध-दह्यातूनच मिळतं, म्हणून तेही तपासून घेतलं. सूर्यास्ताआधीचं जेवण आमचं पूर्वीसारखंच आहे, पण नात क्लासवरून भुकेली येते म्हणून तिचं पान तासभर आधी वाढते. आम्ही जेवतो तेव्हा ती पुन्हा बसते. रात्री न जेवताही पोटभर जेवता येतं, बाईच्या जातीने थोडी आखणी करावी लागते इतकंच.

वजन महिन्यातून एकदाच, आणि ते डॉक्टरकडे. घरातला काटा मी माळ्यावर टाकला.

सरकारी शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलंही त्यात येतात, तेव्हा तिलाही कार्ड जपून ठेवायला सांगा. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. आणि मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन विनामूल्य आहे, मराठीतही बोलतात.

सहा महिने झाले. वजन साडेबेचाळीसवर आलं आहे, पाळी दोनदा आली. पण सगळं मिटलं असं नाही. अजूनही कधीकधी ती पोळीचा अर्धा तुकडा बाजूला सारते आणि माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, वाटीत आमटी वाढते आणि शाळेचं काहीतरी विचारते. समुपदेशक ताईंकडे महिन्यातून दोनदा जाते. तिथे मी बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसते. आता राग येत नाही.

यंदाचं पर्व जवळ आलं आहे. परवा मंदिरात एकीने विचारलंच, "यंदा नातीचं दहा दिवसांचं ना?" मी म्हटलं, "नाही, यंदा ती पोटभर जेवणार आहे." नातीने स्वतःच ठरवलंय, दहा दिवस मोबाइलवर फोटो बघायचे नाहीत आणि रोज माझ्याबरोबर अर्धा तास स्वाध्याय. माझ्या मते हे तप तिला जास्त जड जाणार आहे.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर नातवंडांची जुनी-नवी कार्डं काढून शेजारी ठेवा. आणि पोर उपवास धरते म्हणाली तर कौतुक करायच्या आधी जवळ बसवून विचारा, "का गं बाळा?" उत्तर येईपर्यंत थांबा. मी थांबले नव्हते.

जय जिनेंद्र.