रिवाज आणि गाभा

आमचं गाव वैशाखरे, नाणेघाटाच्या पायथ्याचं. कोकणात उतरलेला माल पूर्वी याच वाटेनं जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात पडे असं सांगतात. माल तोच, मुलूख बदलला की नाक्यावरचा रिवाज बदलायचा. पोटासाठी संगणकाचं काम धरलं, तिथंही आम्हाला हेच भेटलं.

दोन संगणकांचं बोलणं घडवणारा, सी भाषेतला सॉकेटचा प्रोग्रॅम लिनक्सवरून विंडोजवर न्यायचा होता. "हा इथं चालायचा नाही, नवाच लिहा," असं काम देणाऱ्यांनी सुचवलं. पण मग पुढची प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागली असती.

सॉकेट मूळचं बर्कलीच्या युनिक्सचं, १९८३ सालचं. विंडोजचं विनसॉक १९९२ साली त्यावरूनच बेतलं. 'बाइंड', 'कनेक्ट', 'सेंड' दोन्हीकडे तेच. फरक दाराशी. विंडोजवर आधी 'डब्ल्यूएसएस्टार्टअप'ची वर्दी द्यावी लागते. लिनक्सवर सॉकेट फाइलसारखंच 'क्लोज'नं मिटतं, विंडोजला 'क्लोजसॉकेट' लागतं. काही बिघडलं तर कारण एकीकडे 'एरनो'त पाहायचं, दुसरीकडे 'डब्ल्यूएसएगेटलास्टएरर'ला विचारायचं.

आकड्यांचा रिवाज मात्र साऱ्यांना एकच. आमच्या घरात मराठी डावीकडून लिहितात, उर्दू उजवीकडून. पण उर्दूतही आकडा डावीकडूनच वाचायचा. नेटवर्कवर तसाच ठराव आहे : थोरला बाइट आधी. इंटेलचं यंत्र धाकटा आधी ठेवतं, म्हणून 'एचटॉन्स'नं क्रम लावून घ्यायचा. तो राहिला, तर ८०८० नंबरच्या दाराऐवजी ३६८९५ ठोठावलं जातं.

आम्ही दाराशी लागणारे सारे रिवाज एका छोट्या फाइलीत काढून ठेवले. कुठल्या यंत्रावर आहोत ते पाहून ती फाइल वागते. आतल्या गाभ्याला हात लावला नाही. प्रोग्रॅम दोन्हीकडे चालला.

शहरात आम्हाला अजून विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" जणू आम्ही कुठून तरी भाषांतर होऊन आलो आहोत! एका दारात सलाम, दुसऱ्या दारात नमस्कार, हे रिवाज आम्ही आनंदानं पाळतो. पण त्यावरून कुणी आम्हाला नव्यानं लिहायला काढू नये. आमचा गाभा मराठीतच लिहिलेला आहे, आणि तो इथलाच आहे.