डिस्प्ले गेला, आवाज वाचला



चिखलणी करून टिलर बांधावर चढवताना खिशातला मोबाईल पडला आणि चाकाखाली गेला. डिस्प्लेचा चुरा, टच बंद. पण फोन लावला की रिंग वाजायची.

घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात म्हणाले, "बोर्ड बदलू, पण आतलं सगळं जाईल." मी फोन परत घेतला. आत कर्जत-३ च्या पेरणीच्या, करप्याच्या फवारणीच्या तारखा होत्या. आणि बाबांचा आवाज. कुठल्या खाचराचं पाणी कुठं काढायचं, ते जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवलेलं.

कासारवडवलीच्या एका पोराने दुसरा डिस्प्ले तात्पुरता जोडला. मी पिन टाकला, सगळं पेनड्राईव्हवर उतरवलं. म्हणाला, "काका, रिंग वाजते म्हणजे बोर्ड जिवंत आहे. डेटा बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, तोही कुलूपबंद. बोर्ड मेला की नुसती चिप काढून उपयोग नाही."

तर मंडळी, दुकानात आधीच सांगा: डेटा पाहिजे, रिसेट मारू नका. पिन विसरू नका. स्क्रीन दिसते पण टच चालत नाही, तर ओटीजी लावून माऊस जोडून बघा. फोन भिजला असेल तर चार्जिंगला लावू नका.

तारखा आता वहीतही लिहितो. बाबांचा आवाज पोराच्या फोनातही ठेवलाय.