पाल्हाळ कोणाचा?

अभिजात कादंबरीचे वाचन एकांतात घडते हे खरे. परंतु तिच्याविषयीचे मतही एकांतातच घडते, असे म्हणता येत नाही. पुष्कळदा ते वाङ्मयेतिहासातील एखाद्या परिच्छेदात किंवा गुरूंच्या व्याख्यानात आधीच सिद्ध झालेले असते आणि वाचक ते बरोबर घेऊनच कादंबरीपाशी येतो. असे उसने मत आपले नाही, हे त्याच्या ध्यानात यावयाचे तर समोर दुसरा वाचक असावा लागतो.

तालुक्याच्या एका गावी वाचनालयाच्या मागील खोलीत महिन्यातून एकदा सात-आठ वाचक जमतात. एकदा तेथे ‘पण लक्षात कोण घेतो’ चर्चेला होती. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी प्रारंभ केला. कादंबरीचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद, पण पाल्हाळ हा तिचा मोठा दोष, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्याचे कारणही त्यांनी दिले : हरिभाऊ आपट्यांनी 1890मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली; आठवड्याच्या हप्त्यांनी लिहिणाऱ्या लेखकाला रचनेचा बंदिस्तपणा साधणे कठीणच. सर्वांनी माना डोलावल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने मधली बरीच पाने आपण गाळल्याचे हसत कबूल केले. चर्चा जवळजवळ संपलीच होती.

तेव्हा निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेल्या बाई म्हणाल्या, “सर, जिला उभ्या जन्मात कोणी ‘मग पुढे काय झालं?’ म्हणून विचारलं नाही, ती एकदा बोलायला लागली की असंच बोलते. माझी आई असंच बोलायची. आणि आम्ही ‘पुरे गं आई’ म्हणून उठून जायचो.”

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले, “बाई, अनुभव खरा आहे, पण तो कादंबरीविषयीचा पुरावा होत नाही.” आक्षेप योग्यच होता. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्याही विस्तृत आहेत आणि त्यांची निवेदक यमू नाही. विस्तार जर लेखकाच्या लेखणीचाच स्वभाव असेल, तर तो यमूच्या मनाचा म्हणून कसा वाचावा? मृत लेखकाच्या प्रत्येक उणिवेला पात्राच्या स्वभावाचा आधार शोधत गेल्यास मूल्यनिर्णयाला अर्थच उरणार नाही.

मात्र बाईंच्या बोलण्याने एक प्रश्न उभा केला होता आणि त्याचे उत्तर संहितेतच शोधावे लागणार होते. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने तो नेमका मांडला : गाळायचे तर नेमके काय गाळायचे? मग दुर्गीचा विषय निघाला. यमूच्या ह्या बालमैत्रिणीच्या संसाराची दुर्दशा कादंबरीत बरीच जागा घेते. यमूचे बालपण, लग्न, रघुनाथरावांबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि केशवपन ह्या मुख्य सूत्राच्या दृष्टीने ती वगळता येईल. पण वगळली तर दुर्गीचे दुःख सांगणार कोण? तिच्यासाठी कथेत दुसरा निवेदक नाही. शीर्षकातील तक्रार लक्ष न देणाऱ्यांविषयी आहे, आणि दुर्गीकडे लक्ष देणारी यमूच आहे. समीक्षकाला जे विषयांतर वाटते, ते निवेदिकेच्या दृष्टीने साक्ष ठरते.

येथे हान्स रॉबर्ट याउस ह्यांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ ह्या संकल्पनेची आठवण होणे साहजिक आहे. बंदिस्त रचनेची प्राध्यापकांची अपेक्षा उत्तरकालीन कादंबरीने घडवलेली; बाईंची अपेक्षा माजघरातल्या बोलण्याने घडवलेली. परंतु दोन क्षितिजे आहेत एवढे म्हणून थांबल्यास सर्वच मते सारखी ठरतात, आणि त्या खोलीत तसे घडले नाही. बाईंचे मत दुर्गीपुरते टिकले. इतर काही प्रकरणांतील उपदेशाच्या भागाला ते लागू पडेना, हे बाईंनीच पुढच्या बैठकीत पुस्तक उघडून दाखवले. प्राध्यापकांनीही पाल्हाळाचा आक्षेप सोडला नाही. कोठे तो हरिभाऊंचा आणि कोठे यमूचा, हे प्रकरणागणिक ठरवावे लागेल, एवढे मात्र त्यांनी मान्य केले. अनेक वर्षे वर्गात एका वाक्यात सांगितलेला दोष आता त्यांना एका वाक्यात सांगता येईनासा झाला.

सहवाचकांशी मतांची देवाणघेवाण करून योग्य मत हाती येतेच असे नाही. आपल्या मताचे उत्तरदायित्व मात्र स्वीकारावे लागते. एकट्याने वाचणाऱ्याला ते टाळता येते. बँकेतील गृहस्थांनी गाळलेली पाने पुन्हा वाचली आणि त्यांतील काही त्यांना दुसऱ्यांदाही कंटाळवाणी वाटली. तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.