डाव कोण मोडतो?

गेल्या आषाढात मी माझ्या वडिलांवर तीन आठवडे एक खोटा आळ घेऊन बसलो होतो. तो आळ माझ्याच वर्गातील एका चौदा वर्षांच्या मुलाने दूर केला, म्हणून ती हकीकत शाळेच्या या अंकात सांगणे मला उचित वाटते. त्या मुलाचे नाव मात्र लिहीत नाही. ते कळले तर निम्मे उधना आपापले बिघडलेले मोबाईल घेऊन त्याच्या दारात उभे राहील, अशी त्याला सार्थ भीती वाटते.

माझे घर गोव्यातील काणकोण तालुक्यात. नोकरीमुळे मी येथे उधन्यात. आई गेल्यापासून बाबा घरी एकटेच असतात. रोज फोनवर बोलायचे म्हटले तर 'जेवलात का?', 'जेवलो', 'पाऊस?', 'आहे' यापलीकडे संभाषण जात नसे. बाप-लेकांच्या मध्ये बहुधा काहीतरी ठेवावे लागते. आमच्या मध्ये पूर्वी कॅरमचा पट असे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मोबाईलवर मी ऑनलाइन कॅरमचा खेळ घालून दिला. रात्री नऊला मी उधन्याहून आणि त्यांनी काणकोणाहून सोंगट्या मारायच्या, असे ठरले.

प्रारंभीच विघ्न आले. खेळ उघडे, पण जोडला जाईना. शेवटी उलगडा झाला तो असा : घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवण्याची बाबांची जुनी सवय. मोबाईलही त्यांनी तसाच पुढे करायला घेतला आणि त्या खटपटीत वर्षच मागे सरकले. आता दूरवरचा सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र धाडतो, त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे नमूद असते. बाबांच्या मोबाईलच्या पंचांगाप्रमाणे ती तारीख अद्याप उजाडायचीच होती! तेव्हा त्याने त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याचे नाकारले. वेळ आपोआप लागेल अशी व्यवस्था केली आणि खेळ सुरू झाला. ही विद्या आपणच संपादन केली म्हणून मी काही दिवस फुशारलो होतो.

वैशाख सरेपर्यंत सारे सुरळीत चालले. पाऊस लागला आणि बाबा मध्येच नाहीसे होऊ लागले. डाव रंगात आला की त्यांचे चित्र फिकट होई आणि माझ्या पडद्यावर अक्षरे झळकत, 'तुम्ही विजयी झालात'. असे एका आठवड्यात चारदा झाले. माझा संशय निराधार होता असे मला आजही वाटत नाही. लहानपणी हरण्याची वेळ आली की ते हाताने सगळ्या सोंगट्या गोळा करीत आणि 'पुरे आता, अभ्यासाला बसा' म्हणत. एके रात्री मी बोलून गेलो, 'हरायला लागलात की पळ काढता, बाबा.' पलीकडून शांतपणे उत्तर आले, 'हांव खंयच वचूंक ना रे पुता, खेळच गेलो.' मी कुठेच गेलो नाही, खेळच गेला! मला ते खरे वाटले नाही. त्यानंतर चार दिवस ते खेळायला आलेच नाहीत.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खेळ काढून टाकून पुन्हा भरत होतो. तो मुलगा वह्या घेऊन आला होता. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती बोलणारा हा मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, 'सर, तार कुठे तुटली ते न बघताच तुम्ही गाठ मारताय.'

मग त्याने मला तपासाची रीत सांगितली. तुटण्याच्या जागा मोजक्याच : आपला मोबाईल, आपल्या घरातील जोडणी, बाहेरची लाइन, सर्व्हर, आणि पलीकडच्या माणसाकडे पुन्हा हेच सर्व. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही. कधी दोष आपल्या आवाक्यातलाही नसतो. मला आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपांवर बंदी घातली. तरी ज्यांच्या मोबाईलमध्ये तो खेळ आधीपासून होता, त्यांचा तो ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद होईपर्यंत चालत होता. त्या दिवशी खेळ जोडला जाईना म्हणून या पठ्ठ्याने तो पुसून टाकला, तर पुन्हा मिळेचना! दोन रात्री तो मोबाईलला दोष देत बसला होता. त्या खेळाचा भारतीय अवतार २ जुलै २०२१ रोजी आला, तोवर स्वारी अभ्यासाला लागली होती.

माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातील एक आकडा त्या मुलाने मला दाखविला. त्याला पिंग म्हणतात. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे सहस्रांश सेकंद. हे नाव १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने आपल्या छोट्याशा प्रोग्रामला दिले. पाणबुडीचा ध्वनी समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, त्या आवाजावरून. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सर्व्हर मुंबईस असेल तर येथून जाऊन येण्यास केवळ ३ सहस्रांश पुरावेत. तो सिंगापुरास असेल तर ४० तरी हवेतच, मग घरची जोडणी कितीही भारी घ्या. प्रत्यक्षात वाट वाकडी आणि नाके अनेक, म्हणून आकडा याहून मोठाच दिसतो.

दोन संध्याकाळी तो मुलगा स्वतःच माझ्याशी खेळला. जोडणी एकदाही तुटली नाही. (मी मात्र दोन्ही दिवस हरलो.) म्हणजे माझी बाजू निर्दोष. तेव्हा त्याने विचारले, 'सर, आजोबा बसतात कुठे?'

हा प्रश्न मला तीन आठवड्यांत एकदाही सुचला नव्हता. मी फोन केला. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात सोप्यावर बसत होतो, पावसाची झड येऊ लागल्यापासून आतल्या खोलीत, तुझ्या आईच्या खाटेवर बसतो.

आमचे घर चिऱ्याचे. राउटर सोप्यावर, आणि मध्ये हात-दीड हात जाडीच्या दोन भिंती. त्या भेदून येणारे वायफाय इतके क्षीण होई की मोबाईल ते सोडून सिमकार्डाची जोडणी धरी, आणि जरा बळ दिसले की पुन्हा वायफायकडे धावे. दर खेपेस त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बदले. सर्व्हर बिचारा जुन्या पत्त्यावर वाट पाही आणि गडी उठून गेला असे समजून मला विजयी ठरवी. खात्रीसाठी बाबांना सोप्यावर बसवून खेळून पाहिले, डाव पुरा झाला. आत बसविले, तुटला.

'मग सोप्यावरच बसा की,' असे मी म्हणणार होतो. म्हटले नाही. गावातील वायरमनकडून लांब तार ओढवून घेतली आणि राउटरच आत नेला. आता तो आईच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात, तिच्या पानाच्या डब्यापाशी ठेवला आहे. बाबांची क्षमा मी मागितली, पण ती फोनवर मागितल्यामुळे 'जेवलास का?' एवढेच उत्तर मिळाले.

परवा रात्री माझी राणी घेऊन झाली होती, त्यांच्या चार सोंगट्या शिल्लक होत्या, आणि एकाएकी त्यांचे चित्र फिकट झाले. लगेच फोन आला. 'लायट गेली रे पुता.' वीज जाते, राउटर बंद पडतो, हे मी जाणतो. परंतु त्यांच्या आवाजामागे आतल्या खोलीतील जुन्या पंख्याची कुरकुर मला स्पष्ट ऐकू येत होती. मी काही बोललो नाही.